पंडितवाद आणि राजवाद : मानसोपचारातील अन्वयार्थाचा प्रश्न

मानसोपचारात रुग्ण आपले दुःख सांगतो, उपचारक ते ऐकतो आणि काही काळाने त्या दुःखाविषयी असे काही बोलतो, की जे रुग्णाने स्वतः उच्चारलेले नसते, परंतु त्याच्याच बोलण्यातून, गप्प राहण्यातून, विसरण्यातून आणि उपचारकाशी वागण्याच्या रीतीतून जुळवलेले असते. या बोलण्याला मानसोपचाराच्या परिभाषेत अन्वयार्थ म्हणतात. अन्वयार्थ हे औषध नाही, सल्ला नाही आणि सांत्वनही नाही. तरीही त्यामुळे माणूस बदलतो, असा मानसोपचाराचा शंभराहून अधिक वर्षांचा दावा आहे. हा दावा वरवर जितका साधा दिसतो तितका तो नाही, कारण आपल्या वागण्याचा अर्थ कळूनही तसेच वागत राहणारी माणसे घरोघरी आढळतात, आणि अर्थ नीट सांगता येत नसतानाही बदललेली माणसेही आढळतात. मग अर्थ कळणे आणि बदल होणे यांचा संबंध नेमका कोणता, हा प्रश्न दवाखान्याच्या भिंतीआड मावणारा नसून तो मुळात तत्त्वज्ञानाचा आणि धर्मचिंतनाचा प्रश्न आहे. अद्वैत वेदान्ताने ज्ञानानेच मोक्ष असे म्हटले, परंतु तसे म्हणतानाच केवळ श्रवण पुरत नाही, ऐकलेल्याचे मनन आणि त्यापुढे निदिध्यासन, म्हणजे तो अर्थ अंगी मुरेपर्यंत त्याचा ध्यास, हेही लागते, असे सांगितले. म्हणजे कळणे आणि पालटणे यांमधील अंतर भारतीय परंपरेच्या ध्यानात फार पूर्वीच आलेले होते.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ या नावानेच ओळखतो, किंवा शहरातील एखाद्या मनोविकारतज्ज्ञाकडे येणारा रुग्ण कोरा येत नाही. त्याच्या दुखण्याचा अर्थ बहुधा आधीच लावला गेलेला असतो, आणि तोही एकाहून अधिक वेळा. ‘बाहेरचं आहे’ असे शेजारीण म्हणालेली असते, करणी केल्याचे भगताने सांगितलेले असते, ज्योतिषाने साडेसाती दाखवलेली असते, घरातल्या वडीलधाऱ्यांनी मागल्या जन्मीचे भोग म्हणून विषय मिटवलेला असतो आणि गावच्या डॉक्टरांनी ‘टेन्शन’ या एका शब्दात त्याची बोळवण केलेली असते. उपचारकाचा अन्वयार्थ या सर्वांच्या शेवटी येतो. तेव्हा तो या रांगेतला आणखी एक निवाडा ठरतो, की त्याचा प्रकारच वेगळा आहे, याचे उत्तर दिल्याशिवाय मानसोपचाराला आपले वेगळेपण सांगता येणार नाही.

सिग्मंड फ्रॉइड यांच्या आरंभीच्या विचारात अन्वयार्थाचे काम सरळ होते. दडपलेली आठवण अबोध मनात, म्हणजे माणसाला स्वतःलाही थेट न दिसणाऱ्या मनाच्या भागात, पडून असते; ती जाणिवेत आणली की लक्षण सुटते, असे ते मानत होते. अनुभवाने त्यांना ही समजूत बदलावी लागली. 1910 मध्ये लिहिलेल्या एका लेखात त्यांनी अशा डॉक्टरांना फटकारले, जे पहिल्याच भेटीत रुग्णाला त्याच्या दुखण्याचे गुपित सांगून मोकळे होतात. दुष्काळात उपाशी माणसांना खाद्यपदार्थांची यादी वाटल्याने जितकी भूक भागेल तितकाच गुण अशा सांगण्याने येईल, असे त्यांनी म्हटले. अन्वयार्थ सांगण्यापूर्वी दोन गोष्टी घडलेल्या असाव्यात, अशी अट त्यांनी घातली : रुग्ण स्वतःच त्या दडपलेल्या गोष्टीच्या जवळ येऊन ठेपलेला असावा, आणि उपचारकाशी त्याचा इतका जिव्हाळा जडलेला असावा, की कटू ऐकूनही तो पळून जाणार नाही. पुढे 1914 मध्ये त्यांनी यात आणखी भर घातली. रुग्ण जे आठवू शकत नाही ते तो वागण्यातून पुन्हा पुन्हा करत राहतो, आणि या पुनरावृत्तीचा अर्थ एकदा सांगून भागत नाही, तर त्याच अर्थाशी निरनिराळ्या प्रसंगी, निरनिराळ्या बाजूंनी, दीर्घकाळ झुंजावे लागते, असे त्यांनी मांडले. वेदान्तातील निदिध्यासनाशी या झुंजीचे नाते वाचकाला जाणवल्यावाचून राहणार नाही. मात्र निदिध्यासनात चित्त एका सत्याकडे लावायचे असते, तर येथे त्या सत्यापासून दूर पळण्याच्या आपल्याच युक्त्या एकेक करून ओळखायच्या असतात, हा भेदही मोठा आहे.

या विचाराला सर्वांत नेमके रूप जेम्स स्ट्रेची यांनी 1934 मध्ये दिले. बालपणी ज्या व्यक्तींचे भय, प्रेम किंवा राग मनात घट्ट बसलेला असतो, त्यांच्याविषयीच्या त्याच भावना रुग्ण नकळत उपचारकावर लादतो. याला भावसंक्रमण म्हणतात. स्ट्रेची यांच्या मते बदल घडवणारा अन्वयार्थ दोन पायऱ्यांनी काम करतो. पहिल्या पायरीवर रुग्णाला आपल्या मनातील ऊर्मी या क्षणी उपचारकाच्या दिशेने वाहते आहे, याची जाणीव होते. दुसऱ्या पायरीवर, समोरचा माणूस आपण मनात रंगवलेल्या माणसासारखा वागत नाही, हे त्याला दिसते. कल्पनेतला माणूस आणि समोरचा माणूस यांच्यातील हे अंतर दिसणे म्हणजेच बदलाचा क्षण. हे दिसणे एकदम होत नाही, लहान लहान मात्रांनी होते, आणि ते तत्क्षणीच्या भावनेला धरून व्हावे लागते. मागच्या आठवड्यातल्या रागाचा अर्थ आज सांगितला तर ते पाठ होते, पण उतरत नाही.

हे सारे अमूर्त राहू नये म्हणून या शहरात सहज संभवणारे एक कल्पित उदाहरण घेता येईल. कन्नड तालुक्यातील एक तरुण स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी शहरात राहतो, दिवसभर अभ्यासिकेत बसतो. त्याच्या खर्चासाठी वडिलांनी कापसाच्या हंगामानंतर दीड एकर गहाण टाकलेले आहे. पूर्वपरीक्षेच्या महिनाभर आधी त्याच्या छातीत धडधड सुरू होते, हृदयाच्या सगळ्या तपासण्या निर्दोष निघतात, आणि तो एका उपचारक बाईंकडे येऊ लागतो. चौथ्या भेटीला तो वीस मिनिटे उशिरा पोचतो आणि दारातूनच माफी मागायला लागतो : मॅडम, चुकलं, पुन्हा नाही होणार. बाई थोडे थांबून म्हणतात, ‘‘मी रागावले असेन, असं तुम्हाला येताना वाटत होतं. वडिलांचा फोन वाजला की जी धडधड होते असं तुम्ही सांगितलंत, तीच आत्ता जिना चढताना झाली का?’’ तरुण लगेच म्हणतो, ‘‘हो मॅडम, अगदी बरोबर.’’ अननुभवी उपचारकाला येथे आपला बाण लागला असे वाटेल. वास्तविक हा होकार म्हणजे माफीचाच दुसरा प्रकार आहे; वडीलधाऱ्यांपुढे मान हलवण्याची जी सवय घरात लागली, तीच येथे चालू आहे, आणि त्यामुळे पुढचे दोन आठवडे धडधडीत काही फरक पडत नाही. तिसऱ्या आठवड्यात तोच विषय निघतो आणि तरुण प्रथमच आवाज चढवतो : ‘‘नाही मॅडम, तसं नाही. भीती नाही वाटत मला त्यांची. राग येतो. अन् राग येतो म्हणून लाज वाटते.’’ बाई म्हणतात, ‘‘म्हणजे मी भीती म्हणाले ते चुकलं. राग आहे.’’ तरुण बराच वेळ काही बोलत नाही.

या प्रसंगात बदल कोठे झाला, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. बाईंचा पहिला अन्वयार्थ पूर्णपणे चूक नव्हता, पण तो अपुरा होता. त्याने दिशा दाखवली, मुक्काम दाखवला नाही. तरुणाने तो दुरुस्त केला, आणि दुरुस्त करण्याच्या त्या कृतीतच त्याने आयुष्यात न केलेली एक गोष्ट केली : ज्याच्यापुढे मान तुकवायची, त्याला त्याने ‘नाही’ म्हटले, आणि तरीही आभाळ कोसळले नाही. अन्वयार्थाचा आशय आणि तो नाकारण्याचा अनुभव, हे दोन्ही एकमेकांत गुंतले. वडिलांवरचा राग त्याला कळला तो केवळ वाक्यातून नव्हे, तर बाईंशी केलेल्या मतभेदातून. स्ट्रेची ज्याला दुसरी पायरी म्हणतात, ती येथे उपचारकाच्या बोलण्याइतकीच तिच्या माघारीने घडवली.

फ्रॉइड यांनी 1937 मध्ये याच मुद्द्याला हात घातला होता. रुग्ण ‘हो’ म्हणाला तर अन्वयार्थ बरोबर आणि ‘नाही’ म्हणाला तर तो प्रतिरोध, म्हणजे सत्यापासून पळण्याची धडपड, असे मानले तर उपचारक कधीच चुकू शकत नाही, हा आक्षेप त्यांनी स्वतःच नोंदवला, आणि उत्तर दिले की ना होकार निर्णायक आहे ना नकार. अन्वयार्थानंतर रुग्णाच्या मनातून नवे काही वर येते का, हीच कसोटी. हे उत्तर प्रामाणिक आहे, परंतु पुरेसे नाही. कारण नवे वर येणे हेही उपचारकाच्या अपेक्षेला अनुसरून होऊ शकते. मनोविश्लेषकाच्या रुग्णांना मनोविश्लेषणाला साजेशी स्वप्ने पडतात, ही तक्रार जुनीच आहे.

येथून मूळ तत्त्वज्ञानात्मक प्रश्न उभा राहतो : अन्वयार्थ खरा असल्यामुळे गुण येतो, की तो रुग्णाला पटल्यामुळे? एडवर्ड ग्लोव्हर यांनी 1931 मध्येच दाखवून दिले होते, की काही वेळा चुकीच्या अन्वयार्थानेही आराम पडतो, कारण रुग्ण तो अर्थ ढालीसारखा धरून खऱ्या अर्थाला दूर ठेवतो. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी 1949 मध्ये पनामातील कुना जमातीच्या एका गीताचा अभ्यास प्रसिद्ध केला. अडलेल्या बाळंतिणीसमोर मांत्रिक ते गातो आणि तिच्या वेदनांना एका पौराणिक प्रवासाची भाषा देतो, अस्ताव्यस्त वेदनेला अशी क्रमवार भाषा मिळाली की शरीरही त्या क्रमाने मोकळे होते, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि मनोविश्लेषकाचे काम याच जातीचे आहे, असेही त्यांनी सुचवले. उलट फ्रॉइड यांचा आग्रह असा होता, की रुग्णाच्या मनात जे वस्तुतः आहे त्याच्याशी जुळणारा अन्वयार्थच टिकाऊ गुण देतो. अ‍ॅडॉल्फ ग्रुनबाउम या तत्त्वज्ञाने 1984 च्या आपल्या ग्रंथात नेमका हा आग्रह तपासला आणि, मनोविश्लेषणाहून सर्वस्वी भिन्न सिद्धान्तांवर चालणाऱ्या उपचारांनीही रुग्ण बरे होतात, तेव्हा गुण आला यावरून अन्वयार्थ खरा होता असे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. तर्काच्या कसोटीवर हा निष्कर्ष खोडून काढणे अवघड आहे.

मात्र पटणे हेच सर्वस्व मानले तर मांत्रिक आणि उपचारक यांच्यात फक्त पोशाखाचा फरक उरेल, आणि ही तडजोड पत्करण्याचे कारण नाही. या कोंडीतून वाट काढण्यासाठी पैठणकडे वळणे उपयोगी पडते. एकनाथ (1533 ते 1599) हे अर्थ लावण्याच्या कामात हयात घालवलेले पुरुष होते. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी विस्तृत टीका लिहिली आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमारास, ज्ञानेश्वरीच्या पाठांची शुद्धी केली. परंतु मानसोपचाराच्या दृष्टीने त्यांच्या टीकेहून त्यांची भारुडे अधिक बोलकी आहेत. लोक ज्या भाषेत आपले दुखणे सांगत, तीच भाषा नाथांनी उचलली : विंचू चावणे, भूत लागणे, अंगात देवी येणे, जोगवा मागणे, नवस बोलणे. विंचवाच्या भारुडात अंगभर चढणारी वेदना तशीच ठेवली, पण विंचू काम-क्रोधाचा ठरवला आणि उतारा सत्त्वगुणाचा सांगितला. भुताच्या भारुडात झपाटणे तसेच ठेवले, पण झपाटणारा पंढरीचा विठ्ठल केला. ‘हे सारे खोटे आहे’ असे म्हणून त्यांनी लोकांची भाषा हिसकावून घेतली नाही. बाहेरून आलेल्या पीडेला त्यांनी आतले नाव दिले, आणि तेही पीडिताच्याच शब्दांत. आजच्या मराठवाड्यातील उपचारकाला ‘बाहेरचं आहे’ म्हणणाऱ्या रुग्णाशी बोलताना याहून चांगला वस्तुपाठ सापडणार नाही.

नाथांचे रोडग्याचे भारूड तर त्याहूनही गुंतागुंतीचे आहे. त्यात एक सून भवानीला रोडग्याचा नवस बोलते आणि सासरा, सासू, नणंद अशी सासरची एकेक असामी वाटेतून दूर व्हावी, असे मागत मागत अखेर नवऱ्यापर्यंत पोचते. कीर्तनकार त्याचा आध्यात्मिक अर्थ सांगतात : ही नाती म्हणजे जिवाला बांधणारे विकार आहेत आणि त्यांतून सुटून एकटे होणे म्हणजे मुक्ती. अर्थ योग्यच आहे. पण भारूड रंगते आणि मांडवातल्या बायका हसतात, ते या अर्थामुळे नव्हे. जी इच्छा चार भिंतींत मनाशीही कबूल करता येत नाही, ती येथे देवीसमोर, गावासमोर, मोठ्याने बोलली जाते, आणि अध्यात्माच्या आवरणामुळे कोणाला तिचा जाब द्यावा लागत नाही, म्हणून ते हसू फुटते. अन्वयार्थाचे दोन्ही स्वभाव येथे एकत्र दिसतात : तो उघड करतो आणि झाकतोही. दडपलेली इच्छा बोलली जाणे ही मोकळीक आहे. ती लगेच विकारांच्या रूपकात विरघळून गेल्याने घरातली सासू आणि घरातली सून मात्र होत्या तेथेच राहतात. शिवाय भारुडाचा अर्थ सगळ्या मांडवासाठी एकच असतो. दवाखान्यातला अन्वयार्थ एका माणसाच्या एका दुपारच्या एका वाक्याला धरून असावा लागतो, आणि तो त्याच माणसाने तपासायचा असतो.

तपासण्याची ही मुभा नसली की काय होते, याचे गंभीर उदाहरण महाराष्ट्रातच नोंदवले गेले आहे. व्हिएडा स्कुल्टान्स या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने फलटण येथील एका महानुभाव मंदिरात मानसिक आजारी माणसे घेऊन राहणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि तो 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे त्यांना असे आढळले, की आजार घरातल्या कोणाला तरी झालेला असतो, पण त्याची जबाबदारी बाईवर येते. आजाऱ्याची आई किंवा पत्नी आपल्या माणसाची पीडा आपल्यावर यावी म्हणून देवापुढे साकडे घालते, आणि तिच्या अंगात येणे हा त्या त्यागाचा भाग मानला जातो. या व्यवस्थेत आधार आहे, सोबत आहे, आजाऱ्याला घराबाहेर न टाकण्याची माणुसकी आहे; या गोष्टी हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु दुःखाचा जो अर्थ तेथे लागतो, तो सर्वांत जास्त भार वाहणाऱ्या व्यक्तीलाच आणखी भार वाहायला लावतो, आणि तिला त्यावर प्रश्न विचारण्याची जागा त्या अर्थात ठेवलेली नसते. अन्वयार्थाने आराम पडला का, या प्रश्नासोबत तो कोणाला पडला आणि कोणाच्या जिवावर, हेही विचारले पाहिजे.

या विचाराला छत्रपती संभाजीनगरातच एक उत्तम आधार सापडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये येथे महाविद्यालय काढले. त्याला मिलिंद महाविद्यालय आणि परिसराला नागसेनवन ही नावे मिळाली. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद ज्या पाली ग्रंथात आहे, त्या ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात आरंभीच एक प्रसंग येतो. राजा नागसेनाला आपल्याशी वाद करण्यास बोलावतो, तेव्हा नागसेन विचारतो की तू पंडितांप्रमाणे वाद करणार असशील तर मी करीन, राजाप्रमाणे करणार असशील तर करणार नाही. राजा दोहोंतला फरक विचारतो. पंडितांच्या वादात गुंता सोडवला जातो, प्रतिपक्षाचे खंडन होते, स्वतःची चूक मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही; राजे मात्र आपले म्हणणे मांडतात आणि जो ते मानणार नाही त्याला दंड करतात, असे नागसेन सांगतो. मिलिंद पंडितवाद मान्य करतो. रथाचा तो प्रसिद्ध संवाद, ज्यात ‘मी’ म्हणजे नेमके काय, याचा शोध घेतला जातो, या प्रसंगाच्या थोडा आधी येतो.

अन्वयार्थाने बदल कसा घडतो, या प्रश्नाचे उत्तर या अटीत दडलेले आहे. अन्वयार्थ पंडितवादात मांडला गेला तर तो रुग्णाच्या हाती एक गृहीतक देतो, जे तो उलटून पाहू शकतो, मोडू शकतो, पुन्हा जोडू शकतो, आणि या उलाढालीतच त्याची स्वतःविषयी विचार करण्याची शक्ती वाढते. राजवादात मांडला गेला तर त्याच शब्दांतून आज्ञापालन निपजते. आज्ञापालनानेही लक्षणे काही काळ कमी होतात, झोप लागते, घरचे समाधानी होतात, म्हणून ते बरे होण्यासारखे दिसते; पण राजा बदलला की किंवा राजा दूर गेला की ते ओसरते. ग्रुनबाउम यांच्या आक्षेपाला येथे निदान अर्धे उत्तर मिळते. गुण आल्याने अन्वयार्थाची सत्यता सिद्ध होत नाही, हे मान्यच करावे लागेल. परंतु ज्या अन्वयार्थाला रुग्णाचा नकार सहन होतो आणि त्या नकाराने जो अधिक नेमका होत जातो, त्याची सत्याकडे वाटचाल चालू असते, आणि करणीच्या निवाड्याला ही सोय नसते. भगताने सांगितलेले नाव चुकले, असे त्याला सांगण्याची कुटुंबाची प्राज्ञा नसते.

किसा गौतमीची कथा याच परंपरेतली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या आईला बुद्धांनी मृत्यूची अटळता समजावून सांगितली नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितले. दारोदार फिरताना अर्थ तिचा तिने लावला. कित्येकदा उपचारकाने बोलून दाखवण्यापेक्षा रुग्णाला तेथवर चालत जाऊ देणे अधिक परिणामकारक ठरते, आणि अन्वयार्थ रोखून धरण्याचे हे कसब कोणत्याही पुस्तकापेक्षा सरावाने येते.

आंबेडकरांचे ऋण येथे केवळ एका नावापुरते नाही. 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथा नाकारली आणि गतजन्मीच्या कर्मामुळे या जन्मीचे दुःख हा अर्थ बुद्धांचा असू शकत नाही, असे ठामपणे मांडले. ज्यांच्या दुःखाचा अर्थ शतकानुशतके ‘मागल्या जन्मीचे पाप’ असा लावला गेला होता, त्यांना त्यांनी तो अर्थ नाकारण्याचे बळ दिले, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला जो बदल लाखो लोकांच्या जीवनात घडला त्यामागे दुःखाचा हा नवा अन्वयार्थ उभा होता. हा मानसोपचार नव्हता, हे उघड आहे. पण मानसोपचाराने यातून एक गोष्ट घ्यायला हवी. दुःखाचे कारण जेव्हा समाजात असते, तेव्हा ते रुग्णाच्या मनात शोधणारा अन्वयार्थ कितीही कुशल असला तरी अन्याय्य ठरतो. मराठवाड्यात पाऊस हुकलेल्या वर्षी सावकाराच्या तगाद्याने झोप उडालेल्या शेतकऱ्याला ‘तुमची विचार करण्याची पद्धत नकारात्मक आहे’ असे सांगणे, हे कर्मसिद्धान्ताचेच नवे रूप आहे. राज्य शासनाने 2015 पासून शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. हे पाऊल आवश्यक होते, परंतु समुपदेशकाला कर्जपुनर्गठनाची आणि पीकविम्याची माहिती नसेल तर त्याचा अन्वयार्थ अर्धाच राहील. वरच्या उदाहरणातील तरुणाचा राग खरा आहे आणि गहाण पडलेले दीड एकरही खरे आहे. एकाचा अर्थ लावताना दुसरे पुसले जाता कामा नये.

मराठी समाजात या संदर्भात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे रुग्ण उपचारकाकडे गुरू म्हणून पाहतो. जसवंतसिंग नेकी या मनोविकारतज्ज्ञांनी 1973 मध्ये गुरु-चेला नात्याचा मानसोपचारासाठी एक नमुना म्हणून विचार मांडला. भारतीय रुग्णाची अपेक्षा मार्गदर्शनाची असते, तेव्हा पाश्चात्त्य उपचारकाची अलिप्तता त्याला थंड वाटते, हे त्यांचे निरीक्षण योग्य आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, तरी महाराष्ट्रात मनोविश्लेषण फारसे रुजले नाही. रुजली ती अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, आणि त्याचे मोठे श्रेय एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केलेल्या कि. मो. फडके यांना व 1990 मध्ये ठाण्यात आयपीएच ही संस्था उभारणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यासारख्यांना जाते. घटना नव्हे, तर घटनेविषयीचा आपला दृष्टिकोन अस्वस्थ करतो, हे या पद्धतीचे सूत्र आहे, आणि त्या दृष्टिकोनाशी रुग्णानेच वाद घालायचा असतो. वादावर भर असल्याने ही पद्धत पंडितवादाला जवळची आहे. मात्र मराठी रुग्णाच्या गुरुभक्तीपुढे तीही उपदेशात घसरू शकते, आणि मग ‘अविवेकी’ हा शब्द ‘पापी’ या शब्दाची जागा घेतो.

अन्वयार्थाची मात्रा किती असावी, याविषयी आता काही अनुभवजन्य आधारही उपलब्ध आहे. नॉर्वेतील पेर हॉग्लेंड आणि सहकाऱ्यांनी शंभर रुग्णांवर केलेला, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो, की भावसंक्रमणाचा अन्वयार्थ वापरणे आणि न वापरणे यांत सरासरी फरक पडला नाही, परंतु ज्यांची आयुष्यातील नातीच बिघडलेली होती, अशा रुग्णांना त्याचा अधिक लाभ झाला. समज याच्या उलट होता; दुबळ्या रुग्णाला असा अन्वयार्थ झेपत नाही, असे मानले जात होते. दुसऱ्या बाजूने, असे अन्वयार्थ वारंवार देत राहिल्याने उपचार बिघडतो, असेही अन्य अभ्यासांत दिसले आहे. थोडके, वेळेवर आणि नात्याला धरून, एवढेच यातून म्हणता येते.

मराठीत काम करणाऱ्या उपचारकांसाठी यातून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही आज करता येण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे, स्वतःचा अन्वयार्थ सांगण्यापूर्वी रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी दुखण्याचा कोणता अर्थ लावला आहे, हे त्यांच्याच शब्दांत विचारून घ्यावे. मिचेल वाइस यांनी मुंबईतील कुष्ठरुग्णांच्या अभ्यासातून घडवलेली आणि 1992 मध्ये प्रसिद्ध केलेली मुलाखतपद्धती याच हेतूने तयार झाली, तेव्हा हे साधन परके नाही. दुसरी म्हणजे, सत्राच्या टिपणात उपचारकाने काय सांगितले याच्या शेजारी रुग्णाने ते कोठे नाकारले किंवा दुरुस्त केले, हेही लिहावे, आणि शिकाऊ उपचारकाच्या टिपणांत अनेक आठवडे असा एकही नकार दिसला नाही, तर पर्यवेक्षकाने त्याला रुग्णाविषयी काही विचारण्यापूर्वी त्याच्या स्वतःच्या बोलण्याविषयी विचारावे.